घरी आलेली शाळा

जामसांवली हे गाव मध्यप्रदेशात असले, तरी महाराष्ट्रातील भाविकाची तिकडची वाट नागपुरावरून जाते. सावनेर मागे टाकून राज्याची सीमा ओलांडली की सौंसरचा मुलूख लागतो. शेते तीच, कापसाची आणि संत्र्यांची. पोळ्याचा सण तोच. बाजारात कानी पडणारी बोलीही नागपूरकडचीच. बदलते ती शाळांवरील आणि कचेऱ्यांवरील पाट्यांची भाषा. या मुलखात पिंपळाच्या छायेत मारुतीची एक आगळी मूर्ती आहे. मारुती म्हटला की तो हात जोडून उभा असलेला, नाही तर पर्वत उचलून झेपावणारा असा डोळ्यांपुढे येतो. जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. मंगळवारी आणि शनिवारी येथे दूरदूरची माणसे येतात. हा देव पाहावयाचा तर त्याच्यापाशी गेलेच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा असते. दर्शन म्हणजे जाणे, हा आपल्या समाजाचा जुना संकेतच आहे.

शाळेच्या बाबतीतही फार काळ हाच संकेत होता. विद्या गुरूच्या घरी, पुस्तक ग्रंथालयात, मूर्ती संग्रहालयात आणि चित्र लेण्यात. ज्याला हवे त्याने तेथवर चालत जावे. परंतु ज्याला जाणे शक्य नाही त्याने काय करावे? वाट लांब आहे, गाठीला पैसा नाही, घरी गुरे राखावयाची आहेत, नदीला पूर आला आहे किंवा २०२० साली घडले त्याप्रमाणे साऱ्या शाळांनाच कुलूप लागले आहे, अशा मुलाने काय करावे? त्याच्याकरिता शाळाच घरी नेता येईल काय, अजिंठ्याचे लेणे त्याच्या अंगणात उभे करता येईल काय, हा प्रश्न दूरध्वनीच्या पडद्याबरोबर जन्माला आलेला नाही. त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात मराठी माणसांचा वाटाही थोडाथोडका नाही. आजच्या दूरस्थ शिक्षणाचे गुणदोष पारखावयाचे तर हा इतिहास एकदा नजरेखालून घातला पाहिजे.

अजिंठ्यापासूनच आरंभ करणे योग्य होईल. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला १८४४ साली या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेली मोठमोठी चित्रे लंडनला गेली आणि १८६६ साली तेथील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून हे काम पुन्हा केले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. न जाता पाहण्याचा हा एक प्रारंभीचा प्रयत्न. त्यात कष्ट होते, कौशल्य होते. परंतु ती चित्रे पाहिली कोणी? अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाने ती पाहिली नाहीत. भित्तीवरचे वैभव समुद्रापार गेले आणि ज्यांच्या भूमीत ते निर्माण झाले त्यांच्या वाट्याला त्याची सावलीही आली नाही. दूरचे दृश्य कोणाकरिता नेले जाते, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला होता.

त्याचे दुसरे उत्तर कल्याणमध्ये मिळाले. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ साली शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडावयाची, एकामागून एक चित्रे अशा चातुर्याने बदलावयाची की आकृती हालल्याचा भास व्हावा आणि शेजारी उभे राहून मराठीत कथा सांगावयाची, असे या खेळाचे स्वरूप होते. रामायणातील प्रसंग त्यात होते, सर्कशीची दृश्येही होती. हे यंत्र परदेशी जातीचे खरे. परंतु त्यातील चित्र आपले, कथा आपली आणि सांगणाराही आपलाच. शिवाय तो प्रेक्षकांच्या समोर उभा असे. मुलाने मध्येच काही विचारले तर त्याचे उत्तर देण्यास तोंड जवळच होते. पडद्यावरील चित्र आणि पडद्याजवळचा माणूस ही जोडी येथे प्रथमच एकत्र दिसते. पुढील सगळ्या कहाणीत ही जोडी कोठे टिकली आणि कोठे तुटली, हेच पाहावयाचे आहे.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी या कल्पनेला राज्ययंत्रणेचे बळ दिले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केल्यानंतर त्यांच्या ध्यानी आले की अक्षरओळख झालेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेले विरून जाते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले आणि ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या पेट्या गावोगाव पाठविल्या जात आणि वाचून झाले की परत मागविल्या जात. ग्रंथालय खात्याला दृश्यशिक्षणाची एक शाखाही जोडलेली होती. दीपचित्रे आणि दोन डोळ्यांनी पाहावयाची घनचित्रे घेऊन तिची माणसे खेड्यांत जात. गावकऱ्याने घर न सोडता दूरचे नगर पाहावे, अशी ती योजना होती. पेटी परत येत असल्यामुळे कोणते पुस्तक वाचले गेले आणि कोणते कोरेच राहिले, हेही पाठविणाऱ्याला कळण्याची सोय होती. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु पुढे आलेल्या कितीतरी थोर यंत्रांना नेमके हेच साधले नाही.

त्यानंतर आली ध्वनिलहरींची विद्या. इंग्लंडमध्ये १९२४ सालीच शाळांकरिता नभोवाणीवरून पाठ प्रक्षेपित होऊ लागले होते. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३० नंतरच्या दशकात भारतातील मोठ्या केंद्रांवरूनही शालेय कार्यक्रम ऐकू येऊ लागले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी अस्तित्वात आले. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर, पांढुर्णा, जामसांवली हा सगळा प्रदेश त्याच प्रांतात मोडत होता. प्रांत द्विभाषिक; म्हणून केंद्राचा आवाजही मराठी आणि हिंदी असा दुहेरी. सौंसरकडच्या मुलाच्या दृष्टीने हा योग विलक्षण होता. शासनाची राजधानी, बाजारपेठ, संग्रहालय आणि नभोवाणी ही सगळी एकाच नगरात, आणि त्या नगराची भाषा त्याच्या घरचीच. १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला तिकडील लोक अजबबंगला म्हणतात, ते त्याचेच होते.

हा योग फार काळ टिकावयाचा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. सौंसरच्या कापसाचा आणि संत्र्याचा रस्ता नागपूरकडेच वळलेला राहिला; परंतु शाळेचे पुस्तक, परीक्षा आणि शिक्षकाची नेमणूक ही सारी दुसऱ्या दिशेने येऊ लागली. भाषावार रचनेत कोणती तरी रेषा कोठे तरी ओढावीच लागते आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी उरतेच. यात कोणावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. तथापि, एक गोष्ट त्या रेषेला थांबविता आली नाही. नागपूर केंद्राच्या ध्वनिलहरी सीमेवरच्या नाक्यापाशी अडकून पडत नव्हत्या. जो आवाज काल प्रांताचा होता तो आज शेजारच्या राज्याचा झाला, एवढेच. ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या कानी तो मराठीतच पडू शकत होता.

त्याच १९५६ सालात पुण्याजवळ एक प्रयोग झाला. दूरशिक्षणाच्या इतिहासात त्याच्याइतका बोलका प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक आणि सांस्कृतिक संघटनेच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे उभारली. १७ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या अवधीत आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, ऐकल्यावर त्यावर चर्चा करावयाची आणि पुढे काय करावयाचे ते ठरवावयाचे, असा नियम होता. मंडळाचा चिटणीस चर्चेचा गोषवारा आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवी. केंद्र त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून देई.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रयोगाचे मोजमाप केले. तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती. काहींत रेडिओ होता, परंतु मंडळ नव्हते. काहींत रेडिओही नव्हता. निष्कर्ष असा निघाला की जेथे मंडळ होते तेथील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती भर अगदीच थोडी होती. यंत्र दोन्हीकडे तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. फरक होता तो ऐकणाऱ्यांच्या एकत्र बसण्याचा आणि त्यांचा प्रश्न परत जाण्याच्या वाटेचा. ज्ञान येण्याची वाट बांधणे सोपे असते, तिला खांब आणि तारा लागतात. प्रश्न परत जाण्याची वाट बांधावयाची तर माणसे लागतात. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर पसरविण्यात आली. परंतु संख्या वाढली तशी चर्चा पातळ झाली आणि कालांतराने ती मंडळे मावळली.

ध्वनीमागोमाग चित्र आले. दिल्लीत १९६१ साली शाळांकरिता दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने जो प्रयोग केला त्याकडे सारे जग पाहत राहिले. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना दिला आणि आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्यप्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या मोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या. सकाळी मुलांचे पाठ, सायंकाळी प्रौढांचे कार्यक्रम. मध्यप्रदेशातून निवडलेले जिल्हे रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे होते. ते आज छत्तीसगढ राज्यात आहेत. छिंदवाड्याचा त्यात समावेश नव्हता. ज्या खेड्यांनी वृत्तपत्रही धड पाहिले नव्हते त्यांच्या अंगणात आकाशातून चित्र उतरले, ही सामान्य घटना नव्हे. मुलांनी गर्दी केली, हजारो शिक्षकांना या साधनाद्वारे विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले.

परंतु त्या प्रयोगाला एक मर्यादा होती आणि ती यंत्राची नव्हती. बिहार, मध्यप्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांना मिळून पाठ एकाच प्रमाण हिंदीत दिले जात. छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलालाही तेच आणि मारवाडी बोलणाऱ्या मुलालाही तेच. आकाशातील एका बिंदूवरून सहा राज्यांवर प्रकाश टाकावयाचा तर प्रत्येक अंगणाची बोली बोलणे त्याला कसे जमावे? याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पिज येथे एक लहानसे प्रक्षेपण केंद्र चालविले गेले. तेथे त्या भागातील चरोतरी बोलीचा आणि गावातील माणसांचाच उपयोग करून गावच्या प्रश्नांवर कार्यक्रम होत. त्याचा पल्ला सुमारे चारशे गावांपुरता. परंतु ऐकणाऱ्याचे तोंड आणि बोलणाऱ्याचे तोंड एकाच मातीतले. १९८४ साली ग्रामीण संपर्काच्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाने या प्रकल्पाचा गौरव झाला. मोठा पल्ला आणि जवळीक ही एकाच वेळी साधत नाहीत, हा धडा या दोन प्रयोगांना शेजारी ठेवले असता मिळतो.

महाराष्ट्रात याच धड्याचे पडसाद उमटले. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था निघाली आणि तिने मराठीतून मुलांसाठी असंख्य पाठ चित्रित केले. ते दूरदर्शनवरून महाराष्ट्रातील एका पिढीच्या घरात पोहोचले. २०१७ साली ही संस्था बंद झाली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घरी बसून शिकण्याच्या कल्पनेला त्याने अभ्यासकेंद्राची जोड दिली. पुस्तक घरी येईल, परंतु अडलेले विचारावयास एक ठिकाण आणि एक माणूस असेल, ही ती जोड. २००४ साली भारताने केवळ शिक्षणाकरिता एज्युसॅट हा स्वतंत्र उपग्रह आकाशात सोडला. २०१७ साली दीक्षा नावाचे व्यासपीठ उघडले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर लहान चौकोनी संकेतचित्रे छापली जाऊ लागली. भ्रमणध्वनीचा डोळा त्यावर रोखला की पाठ बोलू लागतो.

ही संकेतचित्रे पुस्तकात आणणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले अग्रभागी होते. शाळेत मुलींची हजेरी तुटपुंजी, पुस्तकाची भाषा एक आणि कित्येक मुलींच्या घरची भाषा कन्नड, ही त्यांच्यापुढील अडचण होती. त्यांनी पाठ मुलांच्या घरच्या भाषेत करून पुस्तकाला जोडले. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ही पद्धत सर्व इयत्तांना लागू करण्याचे ठरविले. वर्गातील पडद्यावरून परदेशातील मुलांशी बोलणे, त्यांच्या गावाची सफर करणे आणि आपल्या गावाची सफर त्यांना घडविणे, हाही त्यांच्या कामाचा भाग होता. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. परितेवाडीही एका भाषिक सीमेजवळचे गाव आहे, हे येथे विसरता कामा नये. सौंसरच्या मुलाची अडचण तिकडे उलट्या अंगाने उभी होती. तेथे घरची भाषा कन्नड आणि शाळेची मराठी. ती सुटली, कारण घरच्या भाषेला पडद्यावर जागा मिळाली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि या साऱ्या साधनांची एकदमच परीक्षा झाली. मध्यप्रदेशात आकाशवाणीवरून रेडिओ शाळा सुरू झाली, भ्रमणध्वनीवरील गटांतून पाठ वाटले जाऊ लागले आणि ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना अमलात आली. घरातच घंटा किंवा थाळी वाजवून शाळा भरवावयाची आणि घरातील मोठ्यांनी मुलांजवळ बसावयाचे, अशी तिची कल्पना होती. महाराष्ट्रात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली जाऊ लागली. दांडवळसारख्या आदिवासी वस्त्यांत, जेथे भ्रमणध्वनीही नव्हते, तेथे ‘बोलकी शाळा’ या नावाने ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. मुले मोकळ्या जागेत अंतर राखून बसत.

सह्याद्री वाहिनी सीमेपाशी थांबत नाही. तबकडी असलेल्या घरात ती सौंसरलाही दिसते आणि नागपुरालाही. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य उघडता येतात. दीक्षा व्यासपीठावरील मराठी पाठ कोणत्याही राज्यातील मुलाला खुले आहेत. १९५६ च्या रेषेने जे दूर केले ते पडद्याने निदान डोळ्यांपुरते जवळ आणले, असे म्हणावयास हरकत नाही. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. साधन आहे, धोरण आहे, पाठही आहेत. मग उणे काय?

उणे काय, ते आकडे सांगतात. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २०१८ साली शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो ६१.८ टक्के घरांत आढळला. दोन वर्षांत एवढी वाढ! तथापि, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळाले अशी मुले मात्र सुमारे एकतृतीयांशच होती. यंत्र घरी आले. शाळा त्याच्यामागोमाग आलीच असे नाही. तिसरीतील जी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. परंतु आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असे सांगणारी ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के.

या आकड्यांवरून मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु पुण्याच्या प्रयोगाचा निष्कर्ष आठवला म्हणजे निराळाच अर्थ निघतो. नुसता रेडिओ असलेल्या गावाला १९५६ साली जे मिळाले नाही, ते नुसता भ्रमणध्वनी असलेल्या घराला २०२० साली कसे मिळावे? शेतकऱ्याच्या घरी एकच यंत्र असते आणि सकाळी ते बापाबरोबर शेतात जाते. सायंकाळी ते घरी येते तेव्हा पाठ उघडतो खरा. परंतु ‘हे मला समजले नाही’ असे म्हणावयास समोर कोणी नसते. पटवर्धनांच्या पडद्याशेजारी माणूस उभा होता, बडोद्याची पेटी परत जात होती, पुण्याचा चिटणीस प्रश्न लिहून पाठवीत होता. जेथे जेथे परतीची ही वाट होती तेथे दूरचे शिक्षण रुजले. जेथे ती नव्हती तेथे ते पावसाळ्यातल्या ओढ्यासारखे येऊन वाहून गेले. यंत्र बदलले, नियम बदलला नाही.

पडद्यावरील सांस्कृतिक सहलींनाही हाच नियम लागू पडतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली तयार केली आणि तिच्या साहाय्याने राष्ट्रीय संग्रहालयांतील हजारो वस्तू घरबसल्या पाहता येऊ लागल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले. मोटारगाडीत वस्तू मांडून ती शाळांच्या दारी नेली जाते आणि त्या समजावून सांगणारी माणसेही बरोबर असतात. पडद्यावरच्या सहलीने लेण्याचा गारवा मिळत नाही, दगडाची उंची मान वर करून मोजता येत नाही, सोबत्याबरोबर डब्यातली शिदोरी खाता येत नाही, हे सर्व खरे. यात्रेची जागा ती कधीच घेणार नाही. परंतु यात्रेची ओढ लावण्याचे काम ती करू शकते; ज्याने अजिंठा पडद्यावर पाहिला त्याला तो प्रत्यक्ष पाहावासा वाटू लागतो. ही ओढ निर्माण झाली नाही तर ती सहल नव्हे, नुसता तमाशा.

आणि येथेच जामसांवलीसारख्या गावाचा खरा प्रश्न उभा राहतो. आजवर या गावाच्या मुलाकडे पाहणारा म्हणून पाहिले गेले. दिल्लीने दाखवावे, भोपाळने दाखवावे, पुण्याने दाखवावे आणि त्याने पाहावे. परंतु दाखविण्याजोगे त्याच्यापाशी काय थोडे आहे? छिंदवाड्याकडील देवगडचा किल्ला तेथून फार दूर नाही. त्याच देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले, हे नागपूरच्या किती मुलांना ठाऊक आहे? ज्या नगराकडे सौंसरचा मुलूख राजधानी म्हणून पाहत आला, त्या नगराचे मूळच सातपुड्यातील या गडावर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही तीरांवरून दगड फेकले जातात आणि दरवर्षी माणसे जायबंदी होतात. बाहेरचे लोक ते दृश्य चित्रफितीवर क्षणभर पाहून नवल करतात. आजोबांना त्याविषयी काय सांगता येते, आईला त्या दिवशी कसले भय वाटते आणि ही प्रथा राहावी की जावी, याविषयी त्याच गावच्या मुलांनी मराठीत बोलावे आणि कोल्हापूरच्या वर्गाने ते ऐकून त्यांना प्रश्न विचारावेत, याला सांस्कृतिक सहल म्हणता येईल.

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसांवलीत हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले, त्याच समारंभात पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा तो जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागतात, रस्ते लागतात, पाट्या लागतात. ते सारे यथाकाल होईल. परंतु शाळेतील मुलाचा मराठीत विचारलेला प्रश्न ऐकून घेणारे कोणी असेल काय, हे त्याहून महत्त्वाचे आहे. त्याकरिता नवा उपग्रह लागत नाही. आठवड्यातून दोनदा एखाद्या ओसरीवर पाच-पंचवीस मुले एकत्र बसली, एका पडद्यावरील एकच पाठ त्यांनी पाहिला, गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीने त्यांच्या शंका लिहून घेतल्या आणि त्या नागपूरच्या वा पुण्याच्या एखाद्या शिक्षकाकडे पाठविल्या, तरी पुरे. १९५६ साली ज्या कामाला टपालाचे पाकीट लागत होते ते आज क्षणात होते.

जे घरी येते ते घरचे होतेच असे नाही. त्याला उलट बोलता आले पाहिजे, तेव्हाच ते घरचे होते. शंभर वर्षांत शाळेने घरापर्यंत येण्याच्या अनेक वाटा शोधल्या. आता घराने शाळेपर्यंत आपला प्रश्न नेण्याची वाट बांधावयाची आहे. सीमेवरच्या मुलाच्या बाबतीत तर हे काम अधिकच निकडीचे आहे. कारण त्याचा प्रश्न परत गेला नाही, तर त्याबरोबर त्याची भाषाही हळूहळू घराच्या उंबरठ्याच्या आत मिटून जाईल. ती मिटू द्यावयाची की तिला उत्तर द्यावयाचे, हे ठरविण्याचे काम यंत्राचे नव्हे, माणसांचे आहे.